गोष्ट निघाली बाजाराला, पोचली जत्रेला

समजा, आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावात एक सून दुपारची कामं आटोपून वही घेऊन बसली आहे. दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेची जाहिरात तिने वाचलेली. विषय अगदी घरगुती निवडला, नळाची वाट पाहणं. आठ दिवसांनी येणारं पाणी या खेपेला रात्री दोनला सुटणार, म्हणून गोष्टीतली बाई गुंड, कळश्या, प्लास्टिकचे ड्रम मांडून ओट्यावर बसली आहे. पुढे शेजारणीशी पाइपावरून थोडी बाचाबाची, थोडी गंमत, आणि पहाटे दोघींचा मिळून चहा. झाली गोष्ट. चार पानांत बसेल, घरी वाचून दाखवता येईल, सासूबाईही हसतील.

पण तिसऱ्या पानावर तिच्या हातून एक वाक्य उतरतं. समोरच्या कुलूप लावलेल्या वाड्यातून रहाटाचा आवाज येतो. वाड्यातली विहीर तर कधीच बुजवलेली! आता चहा राहिला बाजूला. पाणी कोण शेंदतंय? या घरची धाकटी सून एका पावसाळ्यात दिसेनाशी झाली होती, 'माहेरी गेली' असं सगळ्यांनी सांगितलं होतं, ती तर नव्हे? आणखी दोन पानं पुढे गेल्यावर ही भुताची गोष्टसुद्धा राहत नाही. ओट्यावर बसलेल्या बाईने त्या पावसाळ्यातल्या रात्री काहीतरी ऐकलं होतं आणि ती गप्प बसली होती, हे बाहेर येतं. पाइपाच्या भांडणाची गंमत लिहायला बसलेली सून पहिल्यांदा भयकथेत शिरली, तिथून थेट गुन्ह्याच्या तपासात पोचली. ठरवलं होतं का तिने असं? मुळीच नाही.

आता घरात काय होईल ते तुम्हीच सांगा. नणंद वही उघडून बघणार आणि म्हणणार, "काऊन वं वहिनी, हे आपल्याच गल्लीतलं लिवलं का?" नवरा म्हणणार, लोक काय म्हणतील. सासूबाई काहीच बोलणार नाहीत आणि ते सगळ्यात वाईट. गमतीची गोष्ट असती तर तिचं कौतुक झालं असतं. गोष्टीने रस्ता बदलल्याबरोबर लिहिणारीवरच संशय! मग ती पानं फाडायची, चुलीत घालायची, की तशीच ठेवायची?

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण या वाटेने गेलेल्या गोष्टी आपल्या मराठीत थोड्याथोडक्या नाहीत. त्यातल्या काही तर आपल्या वऱ्हाडातच वळल्या आहेत.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. हजारेक वर्षांपूर्वी राजशेखर नावाचा मोठा संस्कृत पंडित होऊन गेला. त्याने 'काव्यमीमांसा' नावाचा ग्रंथ लिहिला. नावावरूनच कळतं, शास्त्राचं काम, काव्य कसं असावं, कवीने काय वाचावं, असलं सगळं. आणि या शास्त्राच्या मधोमध तो चक्क एक प्रेमकथा सांगायला लागतो. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घरातून निघून जातो. त्याला अडवायला पार्वती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि त्याच्या मागे पाठवते. ती त्याच्यामागोमाग देशोदेशी फिरते. जाईल त्या प्रांतात तिचा पोशाख बदलतो, नाच बदलतो, बोलण्याची तऱ्हा बदलते. सुरुवातीला हा पठ्ठ्या ढिम्म. हळूहळू विरघळत जातो आणि विदर्भात आल्यावर पुरता तिचा होतो. दोघांचं लग्न लागतं ते वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशिमला! कोणत्या प्रांताची लिहिण्याची रीत कशी, हे सांगण्यासाठी पंडिताला रुसलेला नवरदेव आणि त्याच्या पाठीमागे चाललेली नवरी लागली. शास्त्र लिहिता लिहिता गोष्ट झाली आणि कोणी त्याला नावं ठेवली नाहीत. (जाता जाता, या राजशेखराची बायको अवंतिसुंदरी स्वतः विदुषी होती. तिची मतं त्याने आपल्या ग्रंथात तिच्या नावानिशी दिली आहेत. हे हल्लीसुद्धा किती जण करतात?)

तिथून फार लांब नाही, अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं तेही तिथेच. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ राहत, चक्रधरस्वामींचे गुरू. मोठे लहरी. कधी काय मागतील, कुठे जाऊन बसतील, नेम नाही. एकदा त्यांनी लग्नाचीच इच्छा धरली, आणि भक्तांनी हौसेने लग्नाचा घाट घातला. लग्न म्हटलं की धवळे हवेत, म्हणजे वराला उद्देशून म्हणायची गाणी. ती म्हणायला पुढे झाली महदाइसा. आपण तिला महदंबा म्हणून ओळखतो.

आता इथे थोडं थांबायला हवं. महदाइसा बालविधवा. आजही आपल्याकडे हळदीच्या वेळी विधवा बाईला कुठे उभं करतात, ते तुम्हाला सांगायला नको. त्या काळी तर विचारूच नका. आणि लग्नाची गाणी म्हणायला हीच! पंथात बायकांना बरीच मोकळीक होती, त्याचा हा पुरावा समजा. तर तिला म्हणायची होती चार मंगल गाणी, लग्न लागेपर्यंत वेळ भरून काढायला. ती कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर गायला लागली. रुक्मिणी म्हणजे आपल्याच विदर्भाची लेक, कौंडिण्यपूरची. माहेरची गोष्ट सांगायला लागल्यावर कोणती बाई चार ओळींत थांबते? तीही थांबली नाही. रुक्मिणीचं मन, भावाचा विरोध, कृष्णाला धाडलेला निरोप, पळवून नेण्याची धांदल, सगळं त्यात येत गेलं. लग्नघरातल्या गाण्याचं सलग कथाकाव्य झालं. पुढे तिने त्याचा उत्तरार्धही रचला. आज मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात ते या धवळ्यांसाठी. काव्य लिहायचं म्हणून ती बसलीच नव्हती.

मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे की, तिला कोणी अडवलं नाही. 'बाई, लग्नाचं गाणं म्हण, पुराण नको लावू' असं कोणी म्हटलं असतं तर? महानुभावांच्या मंडळींत म्हाताऱ्या बायांचा मान मोठा. चक्रधरांच्या मागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी तर संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला अडवलं, कारण तसं केलं तर आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. ऐकणारे असे असले म्हणजे गोष्टीला हवं तिकडे जायला धीर येतो.

आपल्या भुलाबाईच्या गाण्यांचं तरी दुसरं काय आहे? भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. गाणं सुरू होतं एखाद्या झाडापासून, दागिन्यापासून, नाहीतर बाजारातल्या वस्तूपासून, आणि फिरत फिरत जातं ते सासरच्या जाचाला. सासू, नणंद, माहेरचा निरोप, न येणारा भाऊ. पोरी खिदळत म्हणतात, खिरापत ओळखतात, पण गाण्यात जे दडलेलं असतं ते अंगणातल्या मोठ्या बायांना बरोबर कळतं. ज्या घरात 'सासरी त्रास आहे' असं सरळ बोलायची सोय नव्हती, त्या घरात ते गाण्याने बोललं गेलं. गाणं भरकटलं म्हणून ते बोलता आलं, असं मला वाटतं.

पुस्तकांकडे येऊ. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेत धड्यापुरती तरी वाचली असतील. हे पुस्तक जन्माला कसं आलं, ते मात्र धड्यात फारसं येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. मोठे कवी. त्यांचं चरित्र लिहावं असं मुलाच्या, देवदत्तांच्या मनात होतं. त्यासाठी त्यांनी आईला सांगितलं, तुझ्या आठवणी लिहून दे. म्हणजे काम काय होतं? नवऱ्याच्या चरित्रासाठी कच्चा माल पुरवणं. लक्ष्मीबाई काही शाळेत गेलेल्या नव्हत्या. अकरा-बारा वर्षांच्या असताना लग्न झालं, लिहायला-वाचायला शिकवलं ते टिळकांनी. अशा बाईकडून कोणी काय अपेक्षा करणार? तारखा सांगेल, गावं सांगेल, 'यांना अमुक आवडायचं' असं सांगेल.

आणि त्या सांगायला बसल्या तर बापाच्या सोवळ्यापासून! घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचं त्यांच्या वडिलांचं वेड, त्यापायी घरच्या माणसांचे झालेले हाल. वाचताना आधी हसू येतं आणि मग घशात काहीतरी अडकतं. पुढे त्यांचा संसार. टिळक नोकऱ्या सोडणार, घरात पैसा नाही आणि दारात पाहुणे, कोणी मागितलं की घरातलं उचलून देणार. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. एका ब्राह्मण घरातल्या बाईवर त्या काळी याहून मोठं आभाळ काय कोसळायचं? मधली काही वर्षं ताटातुटीची गेली. मग त्या त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्या सांगतात कसं, तर ओट्यावर बसून शेजारणीला सांगावं तसं. रडगाणं नाही. स्वतःची फजिती आधी, दुसऱ्याची नंतर. नवऱ्याच्या मोठेपणावर पांघरूण नाही आणि त्याच्या वेडेपणावरही नाही.

तर झालं काय, चरित्रासाठी मागितलेल्या टिपणांचं आत्मचरित्र झालं. त्यातही दुःखाची पोथी व्हायची ती विनोदाने भरलेली निघाली. 'संजीवनी'तून ते आधी छापून आलं, आणि १९३४ पासून चार भागांत पुस्तक निघालं. आज टिळकांच्या कविता वाचणारे थोडे आहेत. 'स्मृतिचित्रे' मात्र नव्याने छापलं जातं, वाचलं जातं. ज्यांचं चरित्र व्हायचं होतं ते या पुस्तकातलं एक पात्र होऊन राहिले, तेही मोठं गोड आणि तापदायक पात्र!

यात मुलाचाही मोठेपणा आहे, तो सांगायलाच हवा. 'आई, मला बाबांबद्दल हवंय, तुझ्याबद्दल नको' असं म्हणून त्यांनी अर्धी पानं गाळली नाहीत. चौथा भाग पुरा व्हायच्या आत, १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा तो भाग त्यांनीच पुरा केला.

वळण नेहमी असं सुखाचंच असतं असं नाही. विजय तेंडुलकर एकदा मुंबईत लोकलने चालले होते. गाडीत हौशी नाटकवाल्यांची एक मंडळी होती, पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली. त्यांच्या गप्पा तेंडुलकरांच्या कानावर पडल्या आणि त्यांच्या मनात नाटक आकार घेऊ लागलं. हौशी नटांची गंमत, एकमेकांची उणीदुणी, यावर एखादं झकास विनोदी नाटक सहज झालं असतं. झालं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. रंगायन संस्थेने ते १९६७ मध्ये रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

ज्यांनी पाहिलं-वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक नाटकमंडळी एका खेड्यात प्रयोगाला येते. मोकळा वेळ आहे, म्हणून लुटुपुटूचा खटला भरवतात. आरोपी करतात बेणारेबाईंना, शाळेतल्या हसऱ्या, फटकळ मास्तरीणबाई. आरोप भ्रूणहत्येचा. सगळे हसतात, बाईही हसतात. मग एकेक साक्षीदार येतो आणि हळूहळू कळतं की सगळे बाईंच्या खऱ्या आयुष्याबद्दल बोलताहेत. बाईंना खरोखरच दिवस गेले आहेत. आता हा खेळ नाही. मघाशी मजा करणारी माणसंच न्यायाधीश, वकील, साक्षीदार झाली आहेत, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो प्राध्यापक तिथे हजरसुद्धा नाही. विनोदाचं शिकारीत रूपांतर होतं ते आपल्या डोळ्यांदेखत, आणि नेमकं कुठल्या क्षणी झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून अंगावर काटा येतो. आपणही आधी हसलेलो असतो ना!

शेवटी बेणारेबाईंचं मोठं स्वगत आहे. बाई बोलतात तेव्हा मंचावरचे सगळे गोठलेले असतात, म्हणजे त्यांचं म्हणणं ऐकतं कोण तर फक्त प्रेक्षक. हे स्वगत मुळात नव्हतं. बाईला तिची बाजू मांडू द्या, असा अरविंद देशपांड्यांनी आग्रह धरला आणि तेंडुलकरांनी ते लिहिलं. नाटककाराला स्वगत नको होतं त्यालाही कारण असेल, पण मी देशपांड्यांच्या बाजूची. पाच-सहा जणांनी मिळून एका बाईची गोष्ट तिच्या हातातून काढून घेतल्यावर निदान बोलून तरी घेऊ दे तिला.

गंमत म्हणून आणखी एक सांगते. जयंत नारळीकर अहमदाबादेत एका परिषदेत बसले होते. भाषण कंटाळवाणं. टिपणं काढायच्या कागदावर त्यांनी गोष्टच लिहायला घेतली. तीच 'कृष्णविवर'. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवली, पण टोपणनावाने, नारायण विनायक जगताप. आपल्याच आद्याक्षरांचा उलटा क्रम! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत उतरवून काढली मंगलाताईंनी. त्या स्वतः गणितज्ञ. पहिलं बक्षीस त्याच गोष्टीला मिळालं, आणि दुसऱ्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी तिची दखल घेतली. आता दोघंही नाहीत. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर २०२५ मध्ये.

आणि हल्लीचा 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांनी लहानपणी नागझिऱ्याच्या जंगलात मित्राकडून नारायण धारपांची एक भयकथा ऐकली. ऐकलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्याला घाबरवण्यापुरती. ती त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिली. २०१८ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्यात भयंकर आजी होती खरी, पण तो सिनेमा होता हव्यासाबद्दल. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या हावेबद्दल. पहिल्या वेळी थोड्या लोकांनी पाहिला, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा गर्दी झाली. माझ्या मते त्यात भुतापेक्षा भीती वाटते ती घरातल्या गप्प बसणाऱ्या माणसांची.

गोष्ट अशी वळते कशामुळे? मोठं गूढ काही नाही. पुरणाची डाळ शिजवताना वर जे पाणी उरतं त्याची कटाची आमटी होते. आमटी करायची म्हणून कोणी हरभऱ्याची डाळ शिजायला टाकत नाही, पण सणाच्या ताटात ती नसली तर चुकल्यासारखं होतं. गोष्टीतही असं पाणी उरतं. आपण विषय निवडतो तो सोयीचा, सांगण्यासारखा. त्याच्याबरोबर न सांगितलेलंही शिजत असतं. पाण्याची वाट पाहणारी बाई रात्री दोनला जागी आहे, एकटी आहे, अंधार आहे, समोर बंद घर आहे. एवढं सगळं मांडून ठेवल्यावर रहाट वाजणारच. तो आवाज लिहिणारीने आणला नाही, तिने मांडलेल्या सामानातूनच तो आला. आणि कोणती सून कुठे गेली हे विचारायचं राहून गेलेलं असेल, तर ते गोष्ट विचारते.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. गोष्टीतला वाडा कुठला, हे अर्ध्या तासात ठरवलं जातं. म्हणून थोडी व्यवहाराची बुद्धी लागते. गाव बदला, वाड्याची दिशा बदला, दोन भावांचे तीन भाऊ करा, पावसाळ्याचा उन्हाळा करा. कोणा खऱ्या बाईचं दुःख तिला न विचारता जसंच्या तसं उचलू नका, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. पण वळण बदलू नका. घरच्यांना बरं वाटावं म्हणून शेवटी रहाटाचा आवाज मांजराचा निघाला असं केलंत, तर वाचणारीला ते बरोबर कळतं.

सगळ्यांना एकदम वाचून दाखवायची घाईही नको. आधी एकीलाच दाखवा, जी ऐकून घेते आणि लगेच सल्ला देत नाही अशी. अशी बाई प्रत्येक गल्लीत एक तरी असते. बरेचदा ती वयाने मोठी असते आणि तिला लिहिता येत नसतं. आठ दिवस पानं तशीच राहू द्या, मग पुन्हा वाचा. स्पर्धेला पाठवायची तर शब्दमर्यादा मोजा आणि पाठवण्याआधी एक प्रत आपल्याजवळ ठेवा. अंकवाले पानं परत पाठवतीलच असं नाही. आणि वहीच्या पुठ्ठ्यावर 'किराणा हिशेब' असं लिहून ठेवायची युक्ती जुनी आहे, पण अजून चालते.